जळकुकडी शेवंती

एकदा काय झालं, एका राजाच्या मुलाच्या काळजाला भोक पडलं. पडलं म्हणजे काय, जन्मापासूनच होतं. भानू त्याचं नाव. जरा चालला की ओठ निळे व्हायचे आणि धापा टाकत खाली बसायचा. राजा घाबरला, राणी घाबरली. भानूला एक थोरली बहीण होती, शेवंती. तीसुद्धा घाबरली, बरं का. तिला नावं ठेवण्याआधी हे लक्षात ठेवा. रघू, पाय पांघरुणात घे, ताईला लागतायत.

मग राजाने मोठमोठे वैद्य बोलावले. सगळ्यांनी नुसत्या माना हलवल्या. शेवटी कोणीतरी म्हणालं, डोंगरापलीकडे एक म्हातारी आहे, ती काळजं शिवते. उसवलेली शिवते, भोकं असलेली बुजवते. तिचा पांढराशुभ्र दवाखाना आहे तिथे. मग काय, निघाली सगळी पालखीतून. म्हातारीने भानूच्या कपाळावर फुंकर घातली, तो गाढ झोपला. मग तिने त्याची छाती उघडली, काळीज हळूच तळहातावर घेतलं, सकाळच्या कोवळ्या उन्हाचा एक धागा सुईत ओवला आणि भोक शिवून टाकलं. मग काळीज परत जागच्या जागी. भानू जागा झाला तेव्हा त्याच्या सदऱ्यातून उजेड दिसत होता. एवढास्सा.

म्हातारी राणीला म्हणाली, "बाई, टाका छान बसलाय. पोर बरं आहे. पण हा उन्हाचा धागा. पोर चाललं, फिरलं, हसलं, रडलं, तर काळजात मुरेल. नुसतं पडून राहिलं तर विझेल. आणि दुसरा धागा माझ्यापाशी नाही. तेव्हा उद्यापासून त्याला चालवा."

आता इथेच घोटाळा झाला बघा. त्या राज्यात एक रीत होती. आजारी मूल बरं झालं तरी बरं झालं असं तोंडाने म्हणायचं नाही. म्हटलं की दृष्ट लागते! हसू नकोस, तुझी आईसुद्धा म्हणत नाही. राणीने सगळ्यांना बजावलं, खबरदार कोणी माझ्या बाळाला बरा म्हणाल तर. राजाने तर दवंडीच पिटवली.

मग दवाखान्यात भेटायला माणसं यायला लागली. पहिली आली आत्या. तिने लाकडी हत्ती आणला आणि दारातूनच गळा काढला, "अगंबाई, किती वाळलं गं लेकरू!" मग आले मामा. त्यांनी केशरी पेढे आणले आणि म्हणाले, "चेहरा अगदीच उतरलाय." मग आल्या प्रधानीणबाई. त्यांनी आणला पोपट, आणि त्या मेल्यालासुद्धा पढवून आणलेलं. तो आपला दिवसभर ओरडायचा, "बिच्चारा भानू! बिच्चारा भानू!"

भानू लहान होता. त्याला वाटलं, इतकी मोठी माणसं म्हणतायत म्हणजे मी फारच आजारी असणार. मग तो कशाला उठतोय? दवाखान्यातल्या बाया त्याला उठवायला आल्या की तो किंचाळायचा, "दुखतंय!" थोडं दुखत होतंच, खोटं कशाला बोला. पण राणी लगेच म्हणायची, "राहू द्या, उद्या चालेल." म्हातारी रोज सांगायची, राणी रोज उद्यावर ढकलायची. आणि सदऱ्यातला उजेड मंद होत चालला.

आणि शेवंती? ती दाराशी उभी असायची. हत्ती भानूला, पेढे भानूला, पोपट भानूला. आईची मांडी भानूला. शेवंतीची वेणी आता दासी घालायची, तीही केस ओढून. जळफळाट व्हायचा पोरीचा. सरळच सांगते, हेवा वाटायचा तिला, पोटभर. तिला वाटायचं, आपल्यालाही काहीतरी व्हायला पाहिजे.

मग तिने काय केलं? छातीवर कुंकवाने उभी रेघ ओढली, भानूच्या टाक्यांसारखी. आईने एकदा बघितलं आणि म्हणाली, "नवं पोलकं खराब केलंस ना?" मग तिने बगलेत कांदा धरला, ताप यावा म्हणून. ताप कुठला यायला, नुसता वास आला, आणि दासीने आंघोळीला पिटाळलं. मग ती थेट म्हातारीकडेच गेली आणि म्हणाली, "माझंही काळीज उघडा." म्हातारीने तिच्या छातीला कान लावला. "धडधाकट आहे गं तुझं काळीज. हेवा आहे आत, पण त्याला माझ्याकडे औषध नाही. पळ."

शेवंती आणखीच चिडली. त्या दुपारी सगळ्यांना डुलक्या लागल्या होत्या आणि ती आपली दाराआडून भानूकडे टक लावून बसली होती. बघते तर काय, भानू उठून बसला! हात लांब करून त्याने पेढ्यांचा डबा ओढला. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा पोपटाला दिला आणि परत काढून स्वतःच खाल्ला. ना धाप लागली, ना ओठ निळे झाले. मग पोपट ओरडला, "बिच्चारा भानू!" की भानू लगेच आडवा आणि कण्हायला लागला.

संध्याकाळी सगळे त्याच्याभोवती जमले. उजेड इतका मंद झाला होता की सदरा उचलून बघावा लागला. राणी रडायला लागली. आत्या म्हणाली, "कसं होणार गं माझ्या राजाचं!" आणि शेवंतीच्याने राहवेना.

"काही झालेलं नाही त्याला!" ती ओरडली. "बरा आहे तो! ओठ बघा, लालभडक आहेत. सगळे पेढे त्यानेच संपवले. काल मला ढकललं, मी पडले. बरा आहे तो, बरा आहे, आणि तरी तुम्ही सगळे त्याच्याच उशाशी बसता!"

आत्याने तोंडावर हात ठेवला. राजा रागाने लाल झाला. तो काही बोलणार, एवढ्यात भानू म्हणाला, "ताई, मी बरा आहे?"

"आहेसच मुळी. ढोंग्या!"

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

भानू उठून बसला. पलंगाखाली एक पाय सोडला, मग दुसरा सोडला. "मला ढोंग्या म्हणतेस? थांब तू!" म्हणाला आणि तिला मारायला उतरला. पाय लटपटले. राणी धावली, पण म्हातारीने तिचा हात घट्ट धरून ठेवला. भानू एक पाऊल पुढे आला. शेवंती एक पाऊल मागे सरली. तो पुढे, ती मागे. अशी दोघं दारातून बाहेर, ओसरीवरून खाली, थेट अंगणात. तिथे त्याने तिला एक चापट मारलीच. आणि मारून झाल्यावर खदखदून हसला.

उजेड दिसेनासा झाला. विझला? छे! मुरला तो, पार आतपर्यंत. म्हातारीने कान लावून बघितलं आणि डोळे पुसले.

मग राणी शेवंतीला म्हणाली, "आम्ही सगळी त्याच्याकडेच बघत होतो गं. मग तुला एकटीलाच कसं कळलं?"

शेवंती म्हणाली, "तुम्ही रडत होतात. मी जळत होते. मी नीट बघत होते."

राणीने तिची विसकटलेली वेणी सारखी केली. मग म्हणाली, "आणि तुझ्याकडे कोण बघत होतं गं, माझे बाई?"

शेवंतीला हुंदकाच आला. राणी तिथेच अंगणात, मातीत बसली आणि तिला मांडीवर ओढून घेतलं. शेवंती चांगली मोठी झाली होती, पाय मांडीबाहेर लोंबत होते. पण राणीने तिला उठू दिलं नाही.

मग ती सगळी राजवाड्यात परत गेली आणि सुखाने राहिली. शेवंतीचा हेवा गेला का? कुठला जातोय! पुढे भानू तिच्याहून जोरात पळायला लागला, तेव्हा पुन्हा जळलीच ती. हेवा असतोच गं थोडा सगळ्यांच्या पोटात. तुला वाटला तर लपवू नकोस, मला येऊन सांग. सकाळी सांग पण, आत्ता नाही. ये, अशी जवळ सरक. मीट डोळे.