दोन मुठी

“मग दुखतं कुठे?” हळबे सरांनी विचारलं.

“अंगठ्याच्या मुळाशी. तिथून कळ मनगटापर्यंत जाते, केतकी म्हणते.”

निनादने टेबलावर हातपंप ठेवला. गल्लीतला नव्हे, आईचं दूध काढायचा: एक कप, एक बाटली आणि दाबायची मूठ. ही मूठ त्याने तिसऱ्यांदा बदलली होती. हत्यारांच्या मुठी हाताला सोप्या कशा करायच्या, हे कॉलेजात सरांनीच त्याला शिकवलं होतं. त्याच्या विळ्याला बक्षीसही मिळालं होतं, आणि ते तो अजून कुणाला विसरू देत नसे.

पण आता त्याचा जीव टांगणीला लागला होता. दिवस भरायच्या आधीच त्याची मुलगी जन्मली होती. मिरजेच्या इस्पितळात ती काचेच्या पेटीत होती, नळीवाटे चमचाभर दूध घेत होती. ते दूध त्याची बायको केतकी दिवसरात्र या पंपाने काढायची. मोटरचा पंप तिला सोसला नव्हता. आणि आज सकाळी ती म्हणाली होती, “आता हात चालत नाही रे. मी थांबते.”

“स्प्रिंग?” सरांनी विचारलं.

“निम्म्याने हलकी केली. बोटं मोजली, तळवा मोजला. तिच्या हाताला याहून चांगली बसणारी मूठ जगात नाही सर.”

“जगात नाही,” सर म्हणाले. “वा.”

निनाद ओशाळला.

सरांनी पंप उलटसुलट करून पाहिला. “चांगली झालीय रे. खरंच चांगली झालीय.”

“मग दुखतं का? दूध बंद झालं तर…”

सरांनी पंप परत त्याच्यापुढे ठेवला.

“उजव्या हाताने दाबते?”

“हो.”

“आणि डावा?”

“डाव्याला काही कामच नाही. एका हातात मावेल असाच केलाय.”

“काम नसू दे. असतो कुठे?”

निनाद आठवू लागला. तो रोज केतकीच्या उजव्या बाजूला वाकून उभा राहायचा, नजर पंपावर. डावीकडे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

“माहीत नाही सर.”

“बरं. तू दाब.”

निनाद दाबू लागला. काचेतली ती वीतभर पोर डोळ्यांपुढे आली. तो दाबत राहिला… थोड्याच वेळात अंगठ्याखाली तीच कळ उठली.

सर खुर्ची ओढून त्याच्या डाव्या बाजूला बसले. त्याचा डावा हात मांडीवर होता. घट्ट मूठ वळलेली, नखं तळव्यात रुतलेली. बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

सरांनी करंगळीपासून एकेक बोट हळूच सोडवलं आणि उघड्या तळव्यात आपला हात ठेवला.

…

निनादचा उजवा खांदा खाली आला. दाबणं चालूच होतं, पण आता बोटं मिटत होती तशी आपसूक उघडतही होती. त्याचे डोळे भरून आले.

“मूठ हलकी झाली,” तो पुटपुटला. “सर, काय केलंत तुम्ही?”

“मी? उजव्या हाताला तर मी बोटही लावलं नाही.”