राही कुंभारणीने फोडलेली भिंत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तळसांगवीला तेव्हा बैलगाडीची वाटसुद्धा नव्हती. गावात राही नावाची एक कुंभारीण राहत होती.

त्या काळी ताप आलेल्या माणसाला आतल्या खोलीत निजवत. वारं लागू नये म्हणून झरोका शेणमातीने लिंपून टाकत. आत कडुलिंबाच्या पाल्याची धुरी करत आणि पाणी देत नसत. लोक वाईट नव्हते. माया होती म्हणूनच असं करत. राहीनेही आपल्या नवऱ्याला असंच निजवलं होतं. तीन दिवस तो पाणी मागत होता. तिने दिलं नाही. चौथ्या दिवशी तो गेला.

त्यानंतर राहीचं बोलणं कमी झालं. कुणी आजारी पडलं की ती जाऊन शेजारी बसायची आणि बघत राहायची. सोबत दर आजाऱ्यासाठी ओल्या मातीची एक पाटी असायची. आजारी माणूस चोरून पाणी प्याला की ती नखाने एक टिंब काढी. दाराला फट राहिली की एक गोल. मग त्या पाट्या ती भट्टीत भाजून ठेवी. सहा वर्षांत तिच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, असं म्हणतात. एके दिवशी तिने सगळ्या पाट्या अंगणात मांडल्या. ज्यांच्या पाटीवर टिंबं आणि गोल जास्त होते, ती माणसं बहुतेक बरी होऊन हिंडत होती.

बाजीबा पाटील हसले. म्हणाले, "राहीबाई, तुम्ही मडकी घडवा. माणसं घडवायला देव बसलाय."

"घडवत नाही हो पाटील. घडलेली फुटू नयेत, एवढंच बघते."

पुढे तापाची साथ आली. आठ दिवस झाडाचं पान हललं नव्हतं, असं म्हणतात. पाटलांची सून मंजुळा आडवी पडली आणि वैद्याने हात टेकले. तेव्हा पाटलीणबाई सगुणाबाईंनी राहीला बोलावलं. राही आत गेली, मंजुळेजवळ बसली आणि तिने विचारलं, "पोरी, तुला काय हवंय?" आणि ती थांबून राहिली. बऱ्याच वेळाने मंजुळेचे ओठ हलले. "श्वास."

राही बाहेर येऊन म्हणाली, "पहार द्या. भिंत फोडते."

"आणि माझी सून गेली तर?" पाटलांनी विचारलं.

"तर मी गाव सोडीन. भट्टीत धूर कोंडला तर मडकं काळं पडतं, पाटील. ही तर माणूस आहे."

पहिला घाव बसला आणि डोंगरावरून वारा सुटला, असं म्हणतात. तो भगदाडातून आत आला, मंजुळेच्या कपाळावरून फिरला आणि वासरासारखा राहीच्या मागे मागे गावभर गेला. ज्या घरी राही झरोका फोडी, तिथे तो आत शिरे.

राहीने मंजुळेला घोटघोट पाणी पाजलं, अंग पुसलं, कूस बदलली. पण दुसऱ्या दिवशी मंजुळा बोलेनाशी झाली. पाटलांच्या माणसांनी राहीचं चाक उचलून वेशीबाहेर नेऊन ठेवलं. राहीने ते ऐकलं, पण ती जागची हलली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने पाण्याचा गडवा मंजुळेच्याच हातात दिला. सगुणाबाई कडाडल्या, "मरायला टेकलेल्या पोरीला कामाला लावतेस होय गं?"

"काम नाही, वहिनी. आपला हात अजून आपला आहे, हे तिला कळू दे."

गडवा थरथरला, अर्धं पाणी अंगावर सांडलं. अर्धं पोटात गेलं. मंजुळेने नाक आक्रसलं आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, चुलीवर भाकर करपतेय."

सगुणाबाई रडत रडत चुलीकडे धावल्या. पाटील मात्र वेशीकडे गेले आणि ते जड चाक त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून परत आणलं. त्या साथीत मग कुणी दगावलं नाही, असं म्हणतात.

राहीला जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणाला ठाऊक नाही. आता तळसांगवीत दवाखाना आहे. तिथे नवी नर्सबाई आली की म्हाताऱ्या बायका तिचं औक्षण करतात आणि आजाऱ्याच्या खाटेशी स्टूल मांडून देतात. सांगतात, "बाई, आजचा दिवस काही करू नका. राहीच्या नावाने नुसतं बसा, बघा. मग त्याला काय हवंय ते विचारा, आणि तो सांगेपर्यंत उठू नका."