ढोलाचा बांध

वेळशेतला आलेले पाहुणे समुद्रात डुंबून, मासळीवर ताव मारून मग आबा तांडेलांबरोबर कांदळवन बघायला निघतात. वाटेत खाडीचा जुना बांध लागतो. मध्येच त्याचे पोट सुटलेले आहे. आबा तिथे चप्पल काढतात. आत म्हणे होडी पुरलेली आहे.

असे सांगतात की फार पूर्वी सोनू तांडेलाने ओहोटीला आपली बायको शेवंती हिला खाडीतल्या बेटावर खडकाला चिकटलेली कालवे काढायला सोडले. भरतीत ते बेट बुडायचे, म्हणून त्याआधी तो तिला आणणार होता. पण तो गावाकडे परत येतो तर बांधाला भलेमोठे भगदाड! आत सगळ्या गावाचे भात पोटरीला आलेले. खारे पाणी शिरले असते तर वर्षभर कुणाची चूल पेटली नसती.

गावच्या प्रमुखाने देवीला नवस बोलला, "बांध राख, मागशील ता देतंय." त्याचे काय जात होते म्हणा! बाकीच्या होड्या समुद्रावर गेलेल्या. सोनूचीच होडी मातीने भरून भगदाडात बुडवायचे ठरले.

माती भरून झाली आणि बेटावरून हाक आली, "अवो, होडी घेवन येवा! पाणी चढताहा!"

सोनू माती उपसू लागला. प्रमुखाने त्याचा हात धरला. "एका बायलमाणसासाठी गावाचा भात बुडवतलंस?"

"ती माझी वाट बघताहा," सोनू म्हणाला. कुणी त्याच्याकडे बघेना. त्याने हातातली माती पुन्हा होडीत टाकली.

होडी बुडवली, बांध टिकला. हाका मात्र थांबेनात. तेव्हा देवळातला ढोल आणला. कुणी म्हणतात, प्रमुखाने तो सोनूच्या गळ्यात घातला. आबा म्हणतात, नाही, सोनूनेच मागून घेतला, त्याला ऐकवेना. बेट बुडेपर्यंत त्याने वाजवला. मग थांबला, तर बेटाकडे सगळे चिडीचूप. ते तर त्याहून ऐकवेना, म्हणून त्याने पुन्हा वाजवायला घेतला.

आजही बांधाची डागडुजी झाली की बेट बुडेपर्यंत तांडेलांच्या घरचा माणूस ढोल वाजवतो. पाहुणे खुशाल नाचतात, फोटो काढतात. आबा त्यांना आवरत नाहीत. फक्त ढोल गळ्यात घालण्याआधी बांधालगतच्या आपल्या घराकडे तोंड करून ओरडतात, "घराक आसस मां गो?"

"आसंय!" आबांची बायको ओ देते.

"आणि ओ आली नाही तर?" कुणीतरी हसत विचारतेच.

"तरी वाजवचो लागता," आबा म्हणतात आणि टिपरी उचलतात.