ओढ्याची परीक्षा

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथल्या गुरुजींच्या शाळेचा पंचक्रोशीत मोठा दबदबा होता. पाढे असोत की निसर्गाचे धडे, मुलं सगळं घडाघडा म्हणायची.

त्या वर्षी होळीच्या आधीच गावचा ओढा आटला. बायका हंडे घेऊन लांबच्या विहिरीवर जाऊ लागल्या. म्हणून वार्षिक परीक्षेत गुरुजींनी मुद्दाम प्रश्न घातला, ‘आपला ओढा का आटला?’

सगळ्यांनी धड्यातलं उत्तर उतरवलं, पाऊस कमी पडला म्हणून. तुळसा नावाच्या मुलीनं मात्र लिहिलं, ‘शाळेच्या छपरामुळे.’

गुरुजींनी तिला शून्य दिलं आणि बोलावून घेतलं. “ही काय थट्टा?”

“थट्टा नाही, गुरुजी. छपरासाठी लाकडं आणायला बाबांबरोबर मीही डोंगरावर गेले होते. ओढा जिथून निघतो त्या झऱ्याभोवतीची सगळी झाडं तोडली. पाऊस तर यंदाही चांगला झाला.”

गुरुजी संतापले. झाडं तोडायला त्यांनीच सांगितलं होतं. पण रात्री त्यांना आठवलं, पाऊस खरंच चांगला झाला होता.

सकाळी ते एकटेच डोंगर चढून गेले. वर नुसते बुंधे उरले होते. माती वाहून गेली होती, झऱ्याच्या जागी तडकलेला चिखल होता.

शाळेत परतल्यावर त्यांनी सर्वांसमोर ते शून्य खोडलं. “तुळसाचं उत्तर बरोबर आहे.”

“मग आमचं चुकलं?” एका मुलानं विचारलं.

“तुमचं नाही रे. शिकवणाऱ्याचं चुकलं.”

पाऊस सुरू झाला तसा निसर्गाचा तास डोंगरावर भरू लागला. मुलांनी दगडांचे बांध घातले, रोपं लावली, शेरडांपासून राखली. गुरुजीही चिखलात उतरले.

वर्षअखेरीला तपासणीचे साहेब आले. “निसर्गाच्या विषयाचे रकाने कोरे कसे?”

“पेपर अजून तपासून व्हायचाय, साहेब. रोपं मोठी होऊ द्या. मग एखाद्या उन्हाळ्यात या. ओढ्याला पाणी असलं, तर मुलं पास.”

“आणि नसलं तर?”

गुरुजी म्हणाले, “तर मी नापास.”

तात्पर्य एवढंच: निसर्गाचा धडा पाठ झाला म्हणून शिकून झाला असं नाही, आपली चूक ओळखून ती निस्तरायला लागलो, तरच तो शिकलो.