शेजारची खुर्ची

एका जिल्ह्यात एकदा एक नवा शिक्षणाधिकारी रुजू झाला. हुशार होता, कष्टाळू होता, पण मनाने अस्वस्थ. शाळा पाहताना त्याच्या लक्षात येई, की चौथीतली कित्येक मुले वाचत नाहीत, पाठ म्हणतात. बोट एका ओळीवर आणि तोंडात दुसरीच ओळ. वाचन शिकवणारे जादा शिक्षक त्याच्या हाताशी होते. ते कुठे पाठवायचे, एवढेच ठरायचे होते. पण सभेत विचारले, की प्रत्येक मुख्याध्यापक सांगे, "आमच्याकडे सगळी वाचतात, साहेब." असेच चालले असते तर ती मुले तशीच पाचवीत गेली असती.

शेवटी त्याने आपल्या वृद्ध गुरुजींना सभेला बोलावले. "गुरुजी, विश्वासावर चार शब्द बोला. तुमचं ऐकतील."

"बघू," गुरुजी म्हणाले.

सभेच्या आरंभी अधिकारी म्हणाला, "मला परका समजू नका. मोकळेपणाने बोला."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग खिलारे बाई नावाच्या मुख्याध्यापिका उठल्या. "साहेब, माझ्या चौथीतल्या निम्म्या मुलांना वाचता येत नाही."

अधिकाऱ्याच्या तोंडून निघून गेले, "मग इतके दिवस काय करत होतात?"

मागून कुणी पुटपुटले, "बाई, सामान बांधायला घ्या." दोघे-तिघे हसले. बाईंच्या शेजारचे गृहस्थ हळूच उठून मागच्या रांगेत गेले.

तेव्हा गुरुजी व्यासपीठावरून उतरले आणि त्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. भाषणासाठी नाव पुकारले गेले, तरी ते उठले नाहीत; नुसती मान हलवली. चारचौघांत आपला अपमान झाला, असे अधिकाऱ्याला वाटले.

परतताना गाडीत तो सारखा चुळबुळत होता. अखेर म्हणाला, "गुरुजी, तुम्ही माझ्या बाजूने आला होतात ना?"

"तुझ्याच बाजूने. ती जागा तुझी होती. तू आला नाहीस, म्हणून मी बसलो." गुरुजी पुढे म्हणाले, "अरे, बाई बोलल्या तेव्हा सगळं सभागृह तुझ्याकडे बघत होतं. खरं बोलणाऱ्याचं पुढे काय होतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. तू विश्वास मागितलास. एकीने दिला, तर तिलाच उभं करून जाब विचारलास. त्यावर मी काय भाषण करणार होतो?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत न जाता तो थेट खिलारे बाईंच्या शाळेत गेला. पहिला जादा शिक्षक त्या शाळेला मिळाला.

पुढच्या सभेत तो व्यासपीठावर चढलाच नाही. "मागच्या वेळी चुकलो मी. बाई, तुमचं बरोबर होतं," एवढे म्हणून तो त्यांच्या शेजारी बसला. मग कोपऱ्यातून कुणी घसा साफ केला. "साहेब, आमच्याकडेही जरा अडचण आहे." मग आणखी एक जण. मग आणखी.

त्या महिन्यात जिल्ह्याचे वाचता येणाऱ्या मुलांचे आकडे साफ कोसळले. वरिष्ठांचा फोन आला, "अहो, तुमच्या जिल्ह्याला झालंय तरी काय?"

अधिकारी म्हणाला, "काही नाही, सर. लोक आता मला खरं सांगू लागलेत."