धनेशिणीच्या घराचं दार

मला रानातल्या यच्चयावत पाखरांची भाषा येते! आता घरच्या कोंबड्याचं बोलणं अजून उमगलेलं नाही, तो आरवतो आणि मी कूस बदलतो, पण ते सोडा. हसू नका, ऐका.

फार फार मागे, डोंगरात अजून वाटा फुटायच्या होत्या, तेव्हा तिथे एक न्यायी राजा होता. न्यायी म्हणजे इतका, की कुणी शिंकलं तरी चौकशी लावी!

एकदा रानात फिरताना त्याला उंच झाडाच्या ढोलीला चक्क भिंत घातलेली दिसली. भिंतीला बोटभर फट. बाहेर एक धनेश पक्षी, विळ्यासारखी वाकडी चोच फटीशी नेऊन, आतल्या धनेशिणीला उंबरं भरवत होता.

"नवऱ्यानं बायकोला चिणलं! माझ्या राज्यात? शिडी आणा!" राजा गरजला.

प्रधान म्हणाला, "महाराज, तिला विचारून तर पाहू."

"कैद्याला काय विचारायचं?" म्हणत राजा सरसर चढला आणि तलवारीच्या मुठीनं धाड, धाड, धाड! भिंत कोसळली. "बाई, तू मोकळी! ऊड!"

धनेशीण पिल्लू पोटाखाली झाकत किंचाळली, "उडू कशानं? पंखांची पिसं गळलीत माझी! नवी येईस्तोवर मीच लिंपून घेतलं होतं दार. अहो, खाली बघा!"

खाली खोडाला चिकटून घोरपड! जीभ लपलपवत वरच येत होती.

राजाची बोबडी वळली. "आता गं काय करू?"

"दार फोडलंत ना? मग दार व्हा!"

काय सांगू मंडळी! राजानं ढोलीच्या तोंडाला पाठ लावली आणि तलवार परजत शिडीवर उभा राहिला. घोरपड खाली सरके, पुन्हा वर येई. धनेश चोचीत चिखल आणी, राजाच्या पागोट्यावर बसे आणि खांद्यावरून आत देई. धनेशीण त्यात आपली शीट कालवून काठापासून लिंपत येई, निम्मं लिंपण राजाच्या पाठीवर! भिंत वाढेल तसा राजा तसूतसूनं बाजूला सरके. उन्हं कलली तेव्हा कुठे बोटभर फट उरली आणि महाराज सुटले.

तर पोरांनो आणि म्हाताऱ्यांनो, तात्पर्य एवढंच: ज्याला सोडवायला निघालात, त्याला आधी विचारा.

राजालाही ते पटलं. पण राजेच ते! उतरता उतरता पुटपुटला, "तरी पण बाई, स्वतःभोवती अशी भिंत घालून कुणी राहतं का?"

फटीतून चोच बाहेर आली.

"महाराज, तुमच्या गडाचा तट पाडायला कधी येऊ?"