बोरतळीच्या मंदिरातली हलगी

बोरतळीच्या ख्रिस्ती मंदिरात दर रविवारी उपासनेआधी दारासमोर जाळ पेटतो. ऐन वैशाखातसुद्धा. पाहुणे विचारतात, एवढ्या उन्हात शेकोटी कशाला? मग थोमाबाबा हातातली हलगी जाळावर फिरवत, तिच्या कातड्यावर कान ठेवत सांगू लागतात. बाबा गेली चाळीस वर्षे इथे हलगी वाजवतात. त्यांनी सांगितले तसेच मी लिहितो आहे. पुरावा मागणाऱ्यांनी एका रविवारी इथे येऊन बसावे.

फार पूर्वी, या गावातल्या पहिल्या काही घरांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हाची ही गोष्ट असे सांगतात. त्या घरांत लहानू नावाचा एक हलगीवाला होता. बाप्तिस्म्यात त्याचे नाव लूक झाले. लग्नाची वरात, मयत, दवंडी, देवीची पालखी, सगळीकडे त्याचीच हलगी असे. देवीपुढे तो वाजवू लागला की गावातल्या राहीबाईच्या अंगात येई. ती केस सोडून घुमू लागे आणि चार माणसांना आवरत नसे. पुढे राहीबाईनेही बाप्तिस्मा घेतला आणि तिचे घुमणे थांबले.

नव्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी लूकला बजावले होते, "प्रभूच्या घरात हलगी नको. ती वाजली की माणसं पुन्हा घुमायला लागतील." पाळकसाहेब वाईट नव्हते, घाबरलेले होते. एवढ्या कष्टाने जमवलेली मंडळी एका ठेक्यासरशी विस्कटेल, अशी त्यांना धास्ती होती.

लूकने हलगी खुंटीला टांगली. पण हातांना कोण सांगणार? म्हणे तो प्रार्थनेला डोळे मिटी आणि बोटे मांडीवर वाजू लागत. भाकरी खाताना ताटलीवर, बांधावर बसला की खुरप्यावर. त्याची बायको मार्था म्हणे, "अहो, जेवता का वरात काढता?" तो हसत नसे. त्याला झोप येईना. हे हात देवाने दिले असतील, तर देवाच्या घरात त्यांना मनाई का? आणि देवाने दिले नसतील, तर मग कोणी दिले? या प्रश्नाने तो वाळत चालला.

शेवटी तो पाळकसाहेबांकडे गेला. "साहेब, एक डाव वाजवू द्या. देवीचा नाही, लग्नाचा नाही. कुणाचाच नसंल असा नवा ठेका बसवतो."

पाळकसाहेबांनी बराच विचार केला. "पिकाच्या उपकारस्तुतीला वाजव. पण एक माणूस जरी घुमलं, तर त्याच जागी हलगीचं कातडं मी माझ्या हातानं फाडीन. पुन्हा विचारायचं नाही."

लूकने शब्द दिला. सात आठवडे तो ओढ्याकाठी जाऊन नवा ठेका शोधत राहिला. वाजवला की त्यात वरात ऐकू येई. मोडून पुन्हा बांधला की मयत ऐकू येई. सातव्या शनिवारी कुठे एक ठेका हाती लागला. तो विसरू नये म्हणून मार्थाशीही न बोलता तो पडून राहिला.

उपकारस्तुतीच्या रविवारी अवेळी पाऊस आला. कातडे सैल पडले, हलगी ओल्या गोणपाटासारखी थपथप बोलू लागली. लूकने मंदिराच्या दारातच काटक्या पेटवल्या. लोक बिचकले. एक जण ओरडला, "अरे, देवळापुढं होम मांडलास का काय?"

"होम नाही, मामा. हिला थंडी वाजलीय," लूक म्हणाला. पण त्याचाच आवाज कापत होता.

उपासना सुरू झाली. पुढे मेजावर कणसे, भोपळे, उसाची कांडी अशी अर्पणे मांडली होती. ती चिरायची सुरीही तिथेच होती. पाळकसाहेबांनी मानेने खूण केली. लूकने टिपरू उचलले, पहिला घाव घातला, आणि सात आठवड्यांचा तो ठेका त्याच्या डोक्यातून पार पुसला गेला. हात मात्र थांबले नाहीत. हातांना जो येत होता तो त्यांनी वाजवला. तो देवीच्या पालखीचा होता.

राहीबाई उभी राहिली. डोळे मिटलेले, हात थरथरत होते. बायका मागे सरकल्या. पाळकसाहेबांनी मेजावरची सुरी उचलली आणि ते लूककडे चालू लागले.

लूकचे टिपरू हवेतच थांबले. म्हणे, त्या शांततेत बाहेरच्या जाळाची तडतड ऐकू येत होती.

मग राहीबाई गाऊ लागली. जात्यावरची चाल, शब्द मात्र कुणी कधी ऐकले नव्हते.

"हाक दे रे देवा, ओढ्याच्या पल्याडून..."

तिला दमा होता. ओळ संपली आणि तिचा श्वासही संपला. आता ती कोसळते की घुमते, कुणाला कळेना. त्या रिकाम्या जागेत लूकने भीतभीत एकच घाव घातला. ती जणू त्यावर पाय ठेवून पुढच्या ओळीवर गेली.

"आलं तुझं लेकरू, वाट ही चुकून..."

पुन्हा श्वास. पुन्हा घाव, या वेळी दोन. ती गात असताना हलगी गप्प. ती थांबली की हलगी तिला उचलून घेई. पाळकसाहेब सुरी हातात धरून मध्येच उभे राहिले होते. गीत संपेपर्यंत ते हलले नाहीत.

गीत संपल्यावर राहीबाईने डोळे उघडले. लूक रडत होता. ती म्हणाली, "रडतोस काय? वाजव की रं! मला दम घ्यायला जागा तेवढी ठेव, म्हंजे झालं."

पाळकसाहेब मेजाकडे परतले आणि त्यांनी भोपळा चिरला. लूकला ते एवढेच म्हणाले, "पुढच्या रविवारी लवकर ये. शेकायला वेळ लागतो ना तिला?"

आजही बोरतळीत गाण्याच्या शब्दांवर हलगी वाजत नाही. ती वाजते फक्त माणसे श्वास घेतात तेव्हा. गीत कोण धरणार आणि कोणते, हे वाजवणाऱ्याला आधी सांगायचे नाही, असाही दंडक आहे. तो टिपरू हवेत धरून उभा राहतो आणि बाकांवरून कुणीतरी उठेपर्यंत वाट पाहतो. कधी क्षणभर, कधी फार वेळ. त्या वेळात त्याच्या तळहाताला घाम सुटतो. ज्या रविवारी घाम सुटणार नाही, त्या रविवारी हलगी दुसऱ्याच्या हातात द्यायची, असे थोमाबाबा सांगतात.